आतला माणूस ठरलेला असतो तर बाहेरच्याला बोलावतात कशाला?

यावेळी आलेल्या पत्रांमधून तीन पत्रं एकाच दुखण्याची निघाली, एक अमळनेरचं, एक नंदुरबारचं आणि एक धुळ्याचं, म्हणून पीएफवाली पत्रं आणि बोदवडच्या भाऊंचं ओव्हरटाइमचं पत्र पुढच्या अंकात घेतो, रागावू नका. नवीन वाचकांसाठी सांगतो, मी 26 वर्षं जळगाव एमआयडीसीत पर्सोनेल खात्यात काढली, नंतर त्यालाच एचआर म्हणायला लागले, पगार तेवढाच राहिला. आता रिटायर आहे, त्यामुळे बोलायला मोकळा आहे.

प्रश्न : नाना, नमस्कार. मी अमळनेरची, वय 31, एम.कॉम., सीए ऑफिसला सहा वर्षं झाली, जीएसटी आणि टॅली सगळं बघते. आठ महिन्यांत चार इंटरव्ह्यू दिले पण शेवटचा फारच लागला मनाला. जळगावला एका कंपनीत सिनियर अकाउंटंटची पोस्ट होती. सकाळच्या गाडीने गेले, मुलीला सासूबाईंकडे ठेवून. दहाला बोलावलं होतं, नंबर आला पावणेएकला. आत तीन साहेब आणि एका बाजूला एक मुलगा, कंपनीचं आयकार्ड गळ्यात, मला वाटलं असिस्टंट असेल. माझी फाईल कोणी उघडलीच नाही. मग एक साहेब म्हणाले, 2बीचं (सप्लायरांनी चढवलेल्या बिलांची जीएसटीच्या साइटवरची यादी) आणि परचेस रजिस्टरचं जुळत नाही आमचं, तुम्ही कसं करता, जरा कागदावर काढून दाखवा. मी अख्खा फॉरमॅट काढून दिला, कोणता रकाना कशाचा ते पण सांगितलं, आणि तो मुलगा खाली मान घालून लिहून घेत होता. मग विचारलं मूल किती वर्षांचं, मार्च एंडिंगला रात्री थांबाल का. झालं, कळवतो म्हणाले. बाहेर पाणी पिताना रिसेप्शनच्या ताई सहज बोलून गेल्या की आता आमच्या सरांचा नंबर, दोन वर्षं तेच बघताहेत ना हे काम. म्हणजे जो लिहून घेत होता तोच कॅन्डिडेट! नाना, हे आधीच ठरलेलं असतं तर आम्हाला बोलावतात कशाला? आणि पुढच्या वेळी ओळखायचं कसं?

ताई, पत्र दोनदा वाचलं. लिहून घेणाऱ्या मुलाचं वाचून आधी हसू आलं आणि मग स्वतःची लाज वाटली, कारण असली नाटकं मी पण बसवलेली आहेत.

बोलावतात कशाला ते आधी सांगतो. तुम्ही सीए ऑफिसात आहात म्हणजे तीन कोटेशन हा प्रकार तुम्हाला माहीत असणार. माल कोणाकडून घ्यायचा ते ठरलेलं असतं, पण फाईलला तीन कोटेशन लागतात, मग दोन इकडून तिकडून मागवायची, जरा चढ्या भावाची. माणसांचं पण तसंच चालतं. हेड ऑफिसचा नियम असतो की सिनियर पोस्टला निदान तीन-चार जण बघितल्याशिवाय नाव पाठवायचं नाही, तुलनेचा तक्ता जोडायचा, खाली सगळ्यांच्या सह्या. इथल्या साहेबांनी आपला माणूस दोन वर्षं तयार केलेला असतो, त्यांना तोच हवा असतो, मग त्या तक्त्याचे बाकीचे रकाने भरायला माणसं लागतात. ते रकाने म्हणजे तुम्ही. वाईट शब्दात सांगतोय पण खोटं सांगत नाही.

दुसरं एक कारण असतं, ते कोणी बोलत नाही. आतला माणूस पगार वाढवून मागत असतो, मग त्याला दाखवायचं की बघ बाबा, तुझ्या निम्म्या कुरकुरीत बाहेर एवढी माणसं रांगेत उभी आहेत. त्याला मुद्दाम रिसेप्शनवरून दोन फेऱ्या मारायला लावतात. आणि तिसरं तुम्ही स्वतः बघितलंच, फुकटची शिकवणी.

आता माझी गोष्ट. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. स्टोअरच्या पोस्टला आमच्याकडचाच एक जण ठरलेला, मोठ्या साहेबांचा विश्वासातला, कामाला पण चांगला होता हां, उगीच कशाला नाव ठेवू. तक्त्यासाठी मी बाहेरचे चार बोलावले. त्यातला एक शहाद्याहून आला होता, रात्रीच्या गाडीने. मी सकाळी गेटवर होतो तेव्हा तो वॉचमनला बाथरूम विचारत होता. आत गेला, बाहेर आला तर शर्ट बदललेला, प्रवासातला शर्ट नीट घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी कुठे ठेवू असं मला विचारलं. मी म्हटलं ठेव टेबलाखाली. इंटरव्ह्यू झाला सात-आठ मिनिटं. जाताना म्हणाला साहेब पुढचा राऊंड कधी? मी म्हटलं कळवतो. पुढचा राऊंड नव्हताच. त्याने नंतर तीनदा फोन केला, तिन्ही वेळा मी ऑपरेटरला सांगितलं, साहेब मीटिंगमधे आहेत म्हण. मीटिंग कसली, समोर चहा होता माझ्या. नाही म्हणून सांगायला एक मिनिट लागलं असतं, ते पण मी दिलं नाही त्याला, आणि आता इतक्या वर्षांनी घडी केलेला तो शर्ट आठवतो, त्याचं नाव आठवत नाही.

असो. ओळखायचं कसं. जाहिरात नीट वाचा. अनुभव तीन ते पाच वर्षं असं लिहिलं तर ती मोकळी जाहिरात. पण कमीत कमी साडेचार वर्षं, अमुकच सॉफ्टवेअर, शिवाय त्या धंद्यातलाच अनुभव आणि अर्ज करायला पाच दिवस, असं असेल तर तो शर्ट कोणाच्या तरी मापाने शिवलेला आहे समजायचं. इंटरव्ह्यूत तर एकच गोष्ट बघा, नोटीस पिरियड किती आणि सध्याचा पगार किती हे त्यांनी विचारलं का? ज्याला खरंच माणूस घ्यायचाय त्याला ही घाई असतेच, कधी जॉइन होता हा प्रश्न त्याच्या तोंडातून निघतोच निघतो. तुम्हाला विचारलेलं दिसत नाही, निदान पत्रात तरी नाही. मुलाचं वय मात्र विचारलं. तो प्रश्न बाईमाणसालाच विचारतात, पुरुषाला घरी कोण सांभाळतं असं विचारल्याचं माझ्या 26 वर्षांत मी ऐकलं नाही, आणि विचारणारा साहेब स्वतः पाच वाजून पाच मिनिटांनी गाडीत असायचा.

यापुढे एक करा, फोन आला की जायच्या आधीच विचारा. भांडणाच्या सुरात नाही, सरळ. "सर मी येते, फक्त एवढं सांगा की ही पोस्ट नवीन आहे का कोणी सोडून गेलंय, आणि आतलं पण कोणी इच्छुक आहे का?" पुष्कळ एचआरवाली पोरं-पोरी खरं सांगून टाकतात हो, त्यांना कोणी विचारतच नाही म्हणून ते सांगत नाहीत. आणि उत्तराआधी दोन सेकंदाची शांतता झाली, मग "तसं काही नाही, तुम्ही या तर खरं" असं आलं, की समजून जायचं. मग म्हणायचं, पहिला राऊंड व्हिडिओ कॉलवर घ्या, दुसऱ्याला मी स्वतः येते. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे मार्च 2023 पासून, ते ठीक आहे, पण तुमची सुट्टी अर्धी कापत नाही ना सीए साहेब.

आणि शिकवणीचं. जीएसटीआर-2बी दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होतो, सप्लायरने बिल चढवलंच नाही तर ते त्यात दिसत नाही, आणि 1 जानेवारी 2022 पासून 2बीत नाही तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, नाही, हे त्या कंपनीला माहीत नव्हतं असं नाही. त्यांना तुमचा फॉरमॅट हवा होता. यापुढे काय करता ते तोंडाने सांगा, म्हणजे पुस्तकात आहे पण 2बीत नाही अशी बिलं वेगळी काढते, 2बीत आहे पण पुस्तकात नाही ती वेगळी, आणि सप्लायरला फोन करायची यादी तिसरी, बस. कागद पुढे आला तर हसून म्हणायचं, सर तक्ता जॉइन झाल्यावर पहिल्याच आठवड्यात करून देते. खरा घेणारा असेल तर त्याला तेवढ्यानेच कळतं तुम्हाला येतं का नाही. घरचं वाणसामान आणायला गेलो तर दुकानदार चाखायला चार दाणे देतो, पोतं नाही सोडत.

एक मात्र सांगायचं राहिलं. ठरलेलं आहे असं वाटलं म्हणून तिथे तोंड वाकडं करून उठू नका. आमच्याकडे एकदा ठरलेल्या माणसाने ऐन वेळेला पगारावरून टांग मारली आणि महिन्या-दीड महिन्याने दोन नंबरच्या बाईंना फोन गेला. त्या बाई शांतपणे निघून गेल्या होत्या म्हणून त्यांचं नाव दोन नंबरला होतं. खाजगी कंपनीने आपल्याच माणसाला वर घेतलं तर तो काही गुन्हा नाही, दोन वर्षं राबलेल्या पोराला घ्यायलाच पाहिजे असं तर मी पण म्हणेन. त्याला घ्या, पेढे वाटा, पण मग अमळनेरहून लेकराला ठेवून आलेल्या बाईला पावणेएकपर्यंत बसवू नका.

प्रश्न : सर, मी नंदुरबार जिल्ह्यातला. भूगोलात नेट (प्राध्यापकाची पात्रता परीक्षा) आहे, पीएच.डी. आहे, तीन ठिकाणी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणं, करतो. सहायक प्राध्यापकाचे आतापर्यंत नऊ इंटरव्ह्यू झाले. परवा एका अनुदानित कॉलेजला गेलो तर व्हरांड्यात चौदा-पंधरा जण, सगळे एकमेकांना ओळखतात कारण सगळीकडे तेच असतात. एकाने सरळ सांगितलं, चहा प्या आणि निघा, सीट तिथल्याच एका सरांची आहे, सहा वर्षं सीएचबीवर आहेत ते. माझा पीएच.डी.चा विषय सातपुड्यातल्या पावसाचा, आणि मला प्रश्न एकच, तापीच्या उपनद्या सांगा. सर हे कायदेशीर आहे का? काही करता येतं का?

तापीच्या उपनद्या! गिरणा, पांझरा, बोरी, अनेर, गोमाई, हे तर आमच्याकडचं पाचवीतलं पोरगं सांगेल, निम्म्यांच्या काठाला तर आपले नातेवाईक राहतात. पीएच.डी. झालेल्या माणसाला हा प्रश्न म्हणजे परीक्षा नाही, वेळ काढणं आहे.

तुमचं आणि अमळनेरच्या ताईंचं दुखणं दिसायला सारखं आहे पण औषध वेगळं आहे. तिथे मालकाचा पैसा होता, इथे पगार सरकारी तिजोरीतून येतो. त्यामुळे "आमचा माणूस आम्ही घेतला" एवढं बोलून संस्थेला सुटता येत नाही. अडचण अशी आहे की यूजीसीच्या 2018 च्या नियमांत तुमची डिग्री, नेट, पेपर या सगळ्याचे मार्क फक्त इंटरव्ह्यूला बोलावण्यापुरते धरलेत, निवड मात्र इंटरव्ह्यूवर. म्हणजे व्हरांड्यापर्यंत तुमचा पावसाचा अभ्यास उपयोगी आणि दाराच्या आत सगळा खेळ दहा मिनिटांचा. केंद्र सरकारने 1 जानेवारी 2016 पासून खालच्या पोस्टांचे इंटरव्ह्यूच बंद करून टाकले, वशिला इंटरव्ह्यूतूनच शिरतो असंच तेव्हा म्हटलं गेलं होतं, पण प्राध्यापक काही खालच्या पोस्टीत बसत नाही.

करता काय येतं. माहिती अधिकाराचा अर्ज टाका. अनुदानित कॉलेज त्याच्या बाहेर नाही, सरकारचा मोठा पैसा घेणारी संस्था माहिती द्यायला बांधील आहे हे सुप्रीम कोर्टाने 2019 मधे एका कॉलेज ट्रस्टच्याच केसमधे सांगितलंय. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आपल्या महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत, म्हणजे तिथे आत्मचरित्र लिहू नका, राग तर अजिबात नको. मागायचं एवढंच : निवड समितीत कोण कोण होतं, त्यात कुलगुरूंचे प्रतिनिधी आणि बाहेरचे विषयतज्ज्ञ हजर होते का, त्या दिवसाच्या कार्यवृत्ताची प्रत, आणि माझ्या स्वतःच्या गुणांचा कागद. 30 दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या 30 दिवसांत पहिलं अपील, त्याच्यावर समाधान नाही तर 90 दिवसांत माहिती आयोगाकडे. वेळ लागतो, खोटं कशाला बोलू. पण कॉलेजला एकदा कळलं की कागद मागणारा माणूस आहे, की पुढच्या वेळी समितीची सही तरी खऱ्या तारखेला होते. जाहिरातीनंतर मधेच निकष बदलले असतील, म्हणजे आधी एक पात्रता आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी दुसरी, तर मात्र वकील गाठा, कारण नियमातच तशी सोय नसेल तर भरती सुरू झाल्यावर खेळाचे नियम बदलता येत नाहीत असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने 7 नोव्हेंबर 2024 ला सांगितलेलं आहे.

कोणी पैसे मागितले असतील (तुम्ही लिहिलं नाही, पण नऊ इंटरव्ह्यूत एकदाही कानावर आलं नसेल यावर माझा विश्वास नाही) तर लाचलुचपत खात्याचा 1064 नंबर आहे. अनुदान घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी पण त्या कायद्यात येतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, आणि पदाधिकाऱ्यांना माहीत असतं पण आठवत नाही.

त्या सहा वर्षांच्या सीएचबी सरांबद्दल पण दोन शब्द. तुम्ही स्वतः तीन ठिकाणी सीएचबी करता म्हणजे त्यांचं काय चालतं ते तुम्हाला मी कशाला सांगू, तासाचे पैसे, ते पण सहा-सहा महिने अडकलेले, मे महिना कोरडा, आणि नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल मात्र त्यांच्याच गळ्यात. तात्पुरता ठेवलेला माणूस केवळ बसून राहिला म्हणून कायम होत नाही, हे 2006 सालीच सुप्रीम कोर्टाने उमादेवी केसमधे सांगितलं, म्हणून तर संस्थेला हा इंटरव्ह्यूचा मांडव घालावा लागतो. नवरदेव आधीच ठरलेला आणि तुम्ही पंधरा जण वऱ्हाडी. भांडायचं ते त्या सरांशी नाही. कदाचित त्यांनी पण दुसऱ्या कुठल्यातरी व्हरांड्यात असाच चहा पिलेला असेल.

एक विचारतो, रागावू नका. नऊ ठिकाणी जायला आतापर्यंत किती खर्च झाला हे कधी वहीत लिहिलंय का? लिहा. गाडीभाडं, झेरॉक्सचे सेट, बुडालेले तास. दहाव्या ठिकाणी जायचं का नाही ते ती वही बघून ठरवा, व्हरांड्यातल्या गप्पा ऐकून नको.

प्रश्न : नाना, माझं उलटंच आहे. धुळ्याला एका पतसंस्थेत 11 वर्षं झाली. शाखाधिकाऱ्यांची जागा रिकामी झाली तेव्हापासून 14 महिने चार्ज माझ्याकडे होता, चेअरमन म्हणायचे इंटरव्ह्यू फक्त फॉर्मॅलिटी, तुझंच आहे. मी पण घरी सांगून बसलो. आणि घेतला बाहेरचा, एका संचालकांच्या ओळखीतला. आता त्याला मीच सगळं शिकवायचं म्हणतात. राजीनामा लिहून खिशात ठेवलाय. देऊ का?

भाऊ, नका देऊ. निदान या महिन्यात नका देऊ.

"तुझंच आहे" हे वाक्य फार वाईट. ऐकणाऱ्याला ते नेमणूकपत्र वाटतं आणि बोलणाऱ्याला ते पाठीवरची थाप असते, संध्याकाळी विसरतो. तुम्ही त्या भरवशावर इंटरव्ह्यूची तयारीच केली नसणार, खरं सांगा. आतल्या माणसाची हीच गोची होते, बाहेरचा फाईल लावून, पाठ करून, टाय लावून येतो आणि आपला माणूस काउंटरवरून उठून तसाच आत जातो, साहेबांना तर माहीतच आहे मी काय करतो म्हणून. साहेबांना माहीत नसतं. वसुली तुमच्या 14 महिन्यांत किती झाली, थकबाकी किती खाली आली, हे आकडे तुम्ही टेबलावर ठेवले होते का? नसतील तर आता लिहून काढा, दुसऱ्या पतसंस्थेत जाताना तेच तुमचं भांडवल आहे.

राजीनाम्याआधी दोन हिशोब करा. चार्जचा आदेश लेखी होता का तोंडी? लेखी असेल तर चार्ज अलाउन्सचा अर्ज द्या, आवक नंबर टाकून पोच घ्या. तोंडी असेल तर त्या 14 महिन्यांत शाखाधिकारी म्हणून सह्या केलेल्या कागदांच्या तारखा तरी वहीत उतरवून ठेवा, गिऱ्हाइकांची कागदपत्रं मात्र घरी नेऊ नका, ते उलट तुमच्यावर शेकेल. आणि दुसरा हिशोब ग्रॅच्युइटीचा. दहा किंवा जास्त माणसांच्या संस्थेत सलग 5 वर्षं झाली की ती मिळते, राजीनामा दिला तरी मिळते. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून समजा 18,200 असेल तर त्याला 26 ने भागायचं, 700 येतात, गुणिले 15 म्हणजे एका वर्षाचे 10,500, आणि 11 वर्षांचे 1,15,500 रुपये. रागाच्या भरात कागद फेकून घरी गेलेले आणि हे पैसे मागायलाच न गेलेले लोक मी बघितलेत, मानापमानाखाली विसरून जातात.

आणि त्या नवीन माणसाला शिकवायचं म्हणाल तर रोजचं काम दाखवा, ते नोकरीतच येतं. तुमच्या फोनमधे जे थकबाकीदारांचे नंबर आहेत, कोणाच्या घरी किती वाजता गेलं की माणूस सापडतो, कोणाच्या कापसाचे पैसे कधी येतात, ते काही कोणत्या सर्क्युलरमधे लिहिलेलं नाही. त्याने विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर आपण होऊन कशाला.

खिशातला कागद तेवढा काढून घरी कपाटात ठेवा, नाहीतर पॅन्ट धुवायला जाईल.